उकिरड्यातली लाल लोकर

रवि., १२ जाने.
आज हद्दीचे दगड उपटले. नऊ घरांचे नऊ तुकडे होते, आता एकच जमीन. सगळ्यांची. "म्हणजे कोणाचीच नाही," असं मी म्हटलं, तर पेंडसे म्हणाला, "शैलाताई, निगेटिव्ह नको." हा पेंडसे दुसऱ्या मजल्यावरचा, निवृत्त इंजिनिअर, आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. यापुढे नुसता पें. एवढी शाई त्याच्यावर घालवायची नाही.

आसनगावच्या पुढे फार्महाऊससाठी प्लॉट, म्हणून तरुणपणी सगळ्यांनी एकदम घेतले होते. फार्म झालं नाही, हाऊसही नाही. घाणेरी माजली. आता म्हातारपणी तिथे परमाकल्चर, म्हणजे जंगलासारखी स्वतःला पोसणारी बाग. शेती म्हणायचं नाही, पें.च्या मते शेती वेगळी.

खूळ सुलूचं. समोरच्या फ्लॅटमधली सुलभा, आणि त्याआधी कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावरची. तिच्या डोळ्यांचा पडदा मधून झिजतोय. समोर बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी डाग, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाला, काय बघायचं ते बघून घ्या. दुसरी कोणी असती तर काश्मीर बघून आली असती. हिला ते उजाड माळरान हिरवं झालेलं बघायचंय.

परतताना गाडीत: "शैले, एकदा हिरवं दिसू दे. मग अंधार झाला तरी चालेल."
"घाणेरीही हिरवीच असते."
हसली. माझ्या बोलण्यावर हसणारी आता ती एकटीच.

गुरु., ३० जाने.
गेटवर पालिकेची नोटीस. ओला कचरा बिल्डिंगने स्वतः जिरवायचा, गाडी नेणार नाही. मीटिंगमध्ये सुतकी चेहरे. जणू जावई आणून पोसायला सांगितलाय.

सुलू उठली. तिथे माती भुकेली आहे, इथे कचरा पडलाय. दर शनिवारी टेम्पो लावा, जमिनीवर खत करा. टाळ्या. लोकांना इतकं मोकळं वाटलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "या बिल्डिंगला डावी-उजवी चप्पल वेगळी करता येत नाही, ओला-सुका काय करणार?" कोणी ऐकलं नाही.

पें.: "सगळ्यांना मान्य?" आमच्याकडे गप्प म्हणजे मान्य. पहिल्यापासून अशीच पद्धत.

शनि., १५ फेब्रु.
बादल्या तपासायचं काम माझ्याकडे. कारण माझं तोंड. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या ओल्या कचऱ्यात डायपर. विचारलं, कुठल्या झाडाला बांधू? चौथ्या मजल्यावरच्यांच्या बादलीत ब्लेड. "चुकून आलं हो." म्हटलं, "तुमचं लग्नही चुकूनच झालं असेल." त्यांच्या बायकोने मान डोलावली. छान सकाळ.

पें.ने मक्यापासून केलेल्या पिशव्या वाटल्या. मातीत विरतात म्हणे. फक्त त्याच चालतील, बाकी सगळा कचरा सुटा.

सुलूची पिशवी मंदा खाली आणते. मंदा तिच्याकडे, माझ्याकडे आणि आणखी दोन घरी काम करते. पिशवी लाल लोकरीने बांधलेली, नातवाच्या स्वेटरची उरलेली. टोकं आत खोचलेली. शिवणाच्या तासाला सिस्टरने पट्टी मारून मारून शिकवलेली गाठ. मला कधी जमली नाही, सुलूची पहिल्याच दिवशी जमली. तिची पिशवी मी उघडत नाही. तिची काय बघायची.

रवि., ९ मार्च
उताराला आडवे चर खणले. पावसाचं पाणी पळून न जाता मुरावं म्हणून. खणले मजुरांनी, फोटो आमचे.

बारकी भेटली. शेजारच्या पाड्यावरची, एकटीच राहते. तिची तांबडी गाय आमच्या प्लॉटांवर कायम चरत आलीय. ठरलं ते असं: आठवडाभर रोपांना पाणी बारकीने घालायचं, बदल्यात गाय कडेकडेने चरेल. गाय आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हक्काने फिरते. पें.कडे बघून शेण टाकलं तिने. मला गाय आवडली.

बारकी ढिगाकडे बघत: "ह्ये काय आनलं?"
सुलू: "खत होणार गं याचं."
"आमचा उकिरडा आमच्या घरामागं आसतो. तुमचा लई लांब आहे."
मी मोठ्याने हसले. पें.ला विनोद कळला नाही.

शुक्र., १८ एप्रिल
पें.ने शेजारच्या बिल्डिंगचा कचराही घ्यायचं परस्पर कबूल केलं. म्हणे चळवळ वाढतेय. चळवळ नाही, ढीग वाढतोय. मी म्हटलं, त्यांच्या बादल्या मी तपासणार नाही. "थोडा विश्वास ठेवायला शिका, शैलाताई." सत्तर वर्षं शिकतेय. माणसं साथ देत नाहीत.

संध्याकाळी सुलूकडे. तिने चहा कपाच्या बाहेर ओतला. दोघींनी बशीत पडला असं समजून घेतलं.

तिच्या ड्रॉवरमध्ये पिशव्यांचा गोळा. दुकानाच्या, मिठाईच्या, मक्याच्या, सगळ्या एकमेकींत. म्हटलं, वेगळ्या करून देऊ? "काही नको. बोटांना कळतात मला." स्वाभिमान फार. मी ड्रॉवर बंद केला.

रवि., ६ जुलै
झालं हिरवं.

शेवगा माझ्या डोक्याच्या वर. पपया, केळी, खाली तूर, चरांत पाणी. सुलू मान तिरकी करून, कोंबडीसारखी, एकेका झाडाकडे डोळ्याच्या कडेने बघत फिरली. नंतर बांधावर बसून रडली. मी काही बोलले नाही. नोंद करून ठेवते, पुन्हा असं होईल न होईल.

"मेल्यावर मला इथेच पुरा गं."
"हिंदू आहेस. आधी जाळतील."
"मग राख घाला एका खड्ड्यात."
पें. मागून: "राख जास्त झाली तर मातीला चालत नाही. बेताने घालावी लागेल."
सुलू हसून हसून खोकली. पें. खरंच हिशेब करत होता.

बुध., १६ जुलै
बारकीचा फोन. गाय मेली. तीन-चार दिवस खात नव्हती, पोट फुगलं होतं. पें. आणि मी लगेच निघालो.

गुरांच्या डॉक्टरने पोट उघडलं. प्लॅस्टिक. घमेल्यांनी काढलं. एकमेकांत पिळून दोरखंडासारखं झालेलं. आत अजून आमच्या भाज्यांचा वास असलेल्या पिशव्या. वासावर आली, पिशवीसकट खाल्लं. तिला गाठ कोण सोडून देणार.

पें.: "ढिगाकडे गुरं येऊ द्यायची नाहीत असं आपलं ठरलं होतं."
बारकी गाईच्या डोक्यापाशी बसलेली. वर न बघता: "तुमचं ठरलं. तिला कोनी सांगितलं?"

तेवढ्यात दिसलं. घमेल्यातून खाली सांडलेल्या लगद्यात, लाल लोकर. गाठ जशीच्या तशी, टोकं आत खोचलेली. पिशवी मिठाईच्या दुकानाची.

पाय ठेवला त्यावर. सगळे वळल्यावर गाठ रुमालात घेतली. का घेतली, माहीत नाही.

गुरु., १७ जुलै
फिनेलने दोनदा धुतली. वास जात नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.

सुलू आली. रात्रभर झोपली नाही म्हणे. "कोण असेल गं तो राक्षस? मुकं जनावर... असल्याला गटातून हाकलून द्यायला हवं. जमिनीवर पाय ठेवू देता कामा नये. तू शोध, शैले. तू कोणाला सोडत नाहीस."
"बघते."
आयुष्यात इतकं लहान वाक्य मी कधी बोललेले नाही.

रवि., २० जुलै
मीटिंग. बारकी फोनवर, स्पीकर लावून. तिचं म्हणणं थोडक्यात: "गाय द्या. टेंपो बंद करा. न् तुमचा उकिरडा उचलून तुमच्या दारात न्या." फोन ठेवला. तिला आमच्या मान्यतेची गरज नव्हती.

पें.: गाय देऊ, ढीग हलवणं अव्यवहार्य. मग गुन्हेगार शोधणं सुरू. प्रत्येकाने शेजारच्या बिल्डिंगचं नाव घेतलं. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की कचरा खाली आणतात कामवाल्या, त्याच वाटेत काहीबाही कोंबतात. चेहरे उजळले. नऊ घरं एका क्षणात निर्दोष.

सुलू उभी राहिली. "चार घरांच्या बादल्या मंदा आणते. माझ्या घरापासून सुरुवात करते. उद्यापासून ती नको. बाकीच्यांनीही ठेवू नये."

पें.ने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच. दर मीटिंगला मी विरोध करतेच.
"सगळ्यांना मान्य?"
पर्स मांडीवर होती.
मान्य झालं.

बुध., २३ जुलै
मंदा तिची छत्री न्यायला आली. मी दारात. म्हटलं, माझ्याकडे येत जा, मी काढलेलं नाही.

"एका घरासाठी कांजूरहून येऊ? काय खायला, तुमचं बोलणं?"

मग चप्पल घालता घालता: "डम्पिंगच्या वासात झोपते मी. मला कचरा शिकवतायत. सुलभाताईंची पिशवी मला बांधलेलीच मिळायची. मी काय उघडून बघू?" छत्री उचलली. "तुम्ही तरी कुठे बघितली."

जिना उतरून गेली. चांगलं उत्तर दोन तासांनी सुचलं, आणि ते चांगलं नव्हतं.

संध्याकाळी सुलूच्या हाताला फोड. मंदा नाही, गॅसवरून पातेलं स्वतः उतरवायला गेली. मलम लावलं. म्हणाली, "तिला ओरडून काढलं ते वाईट वाटतंय. पण गाय डोळ्यांसमोरून जात नाही." हिच्या डोळ्यांसमोरून माणसं जातात, गाय जात नाही. हे वाक्य मी तोंडातच ठेवलं. हल्ली बरंच तोंडात साठतंय.

शनि., २६ जुलै
टेम्पो गेला तसा भरलेला परत आला. बारकी वाटेत आडवी बसली होती.

शिवाय तिने ढीग उकरलाय. सापडेल ती पिशवी काढून आमच्या झाडांना बांधलीय. शेवग्याला, पपईला, केळीला. ड्रायव्हरकडे निरोप: या आणि आपापली ओळखून न्या. ड्रायव्हरने फोटो काढून ग्रुपवर टाकले. पें.चं उत्तर: उद्या सर्वांनी यावे, पाहणी करू. याला प्रत्येक गोष्टीची पाहणी करता येते.

फोटो मोठे करून बघितले. प्रत्येक झाडावर कुठे ना कुठे लाल. एक नाही, दोन नाही. पहिल्या शनिवारपासूनच्या असणार. पावसाने धुऊन लोकर कशी लखलखीत झालीय. रंग पक्का, सुलू हलकं काही घेत नाही.

आठच्या सुमाराला बेल. सुलू, हातात फोन, डोळ्याच्या कडेशी धरलेला.

"बघ ना, मला नीट दिसत नाहीये. शेवग्याला हे लाल लाल काय आलंय? फुलं आहेत का गं?"

तिच्या दुसऱ्या हातात आजची पिशवी होती. मंदा नाही म्हणून स्वतः खाली ठेवायला निघालेली. बांधलेली.

पिशवी मी घेतली. म्हटलं, "फोटोत रंग काहीही दिसतात."

"मग उद्या हात लावून बघीन. पिशव्याही मीच शोधते, बघ. कोणाची कुठली ते डोळ्यांनी नाही कळणार, बोटांनी कळेल." दारापर्यंत जाऊन वळली. माझ्या खांद्याच्या बाजूला बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, "तू काही बोलत नाहीयेस हल्ली. बरी आहेस ना?"

"बरी आहे."

सकाळी सात वाजता गाडी. पुढच्या सीटवर तीच बसणार आहे, म्हणाली. सगळ्यांच्या आधी उतरायचंय तिला.