ऑक्सिजनपाशी

सोमवार, ४ मार्च

आजही एक शब्द नाही! डॉक्टर म्हणाले, "आजोबा, अर्धांगाच्या झटक्यानं आजींची वाचा गेलेली नाही, दडून बसलीय. ओळखीचं काहीतरी ऐकवा." शाळेतल्या सगळ्या कविता म्हटल्या, चालीसकट. ही छताकडेच बघत राहिली. माझ्याकडे बघेल कशी! जन्मभर म्हणायची, "अहो, तुमच्या कवितांनी मला झोप येते!"

बुधवार

मुलगा येऊन गेला. "बाबा, त्या संस्थेत खाट मिळतेय. चोवीस तास नर्स असते. रविवारी आईला नेतो. तुमच्याच्यानं होत नाहीये." होत नाही कसं? भरवतो मी, कूस बदलतो… तो गेल्यावर रडलो.

गुरुवार

माळ्यावरून हिचं रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं. एकाच शाळेत होतो आम्ही — मी मराठीला, ही रसायनाला. भिंतीपलीकडून हिचा आवाज यायचा, "चूक! बस खाली!" पोरं तिकडे चळचळा कापायची आणि इकडे मी कवितेची ओळ विसरायचो. काय दिवस होते!

शुक्रवार

आयनीभवन ऊर्जा — अणूपासून इलेक्ट्रॉन तोडायला लागणारी ताकद. आवर्तसारणीत खाली खाली जावं तशी ती कमी होते. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो, मग धरून ठेवणार कोण? सोडियमचा चटकन सुटतो. निऑन काही केल्या सोडत नाही. हिला वाचून दाखवताना हात घट्ट धरून ठेवला. मी निऑन, बाई! पण बोल ना काहीतरी!

शनिवार

काही नाही. मुलानं गाडीही सांगितलीय. देवा, नुसतं "गप्प बसा" म्हणाली तरी पुरे!

डावीकडून उजवीकडे जाताना ऊर्जा वाढते, एवढं समजलं. त्याचं गाणं केलं —

कार्बनवरती नायट्रोजन,
त्याच्यावरती ऑक्सिजन,
फ्लुओरीन मग, टोकाला
निऑन बसला एकला!

खाली बारीक अक्षरात अपवाद दिलेत. चष्म्याला दिसेनात, सोडून दिले. गाण्याला कसला अपवाद!

रविवार, १० मार्च

सूनबाई बॅग भरत होती. शेवटचं म्हणून उभ्यानंच गाणं म्हटलं. ऑक्सिजनपाशी आलो —

"चूक!"

हिचा आवाज! घोगरा, पण हिचाच. "ऑक्सिजन… खाली येतो. नायट्रोजन वर. बस खाली!"

बारीक अक्षरातला अपवाद तो हाच! जन्मात पहिल्यांदा मला एकेरी. मला ओळखलं की वर्गातल्या कुणा पोराला, कोण जाणे. मुलगा गाडी परत पाठवायला धावला.

मी बसलो.