खुर्चीतला व्याही

कोल्हार,
ता. १८ जानेवारी १९७१

चि. सौ. मुक्ताबाईस आप्पासाहेबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्रास कारण आनंद आणि फजिती, दोन्ही.

बांधावरून पडून खुबा मोडला, पुण्याला त्यात पोलादी गोळा बसवला, त्याला आज दोन महिने झाले. आता काठी घेऊन पाटापर्यंत जाऊन येतो. आपली रतन मागून पावलं मोजते आणि कमी भरली तर परत फिरवते. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. सहादेव सुताराने एका खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलं, त्यामुळे सकाळची अडचण मिटली. गल्लीत तिला माझं सिंहासन म्हणतात.

आता फजिती. परवा सुप्याहून रतनचे होणारे सासरे श्रीमंतराव चार मंडळी घेऊन साखरपुड्याची तारीख धरायला आले. ऑपरेशनचं मी त्यांना कळवलंच नव्हतं. या घरची हाडंच कच्ची, असं म्हणून सोयरीक मोडली तर? काठीसुद्धा पलंगाखाली सारली होती. पाहुणे खाली सतरंजीवर आणि मुलीचा बाप वर खुर्चीत! उठून रामरामसुद्धा केला नाही. मंडळी चहा न घेता गेली. स्टँडवर म्हणे बोलले, की पोरीच्या बापाला लई गुर्मी हाय. रतन दोन दिवस धड जेवलेली नाही. मला काही सुचत नाही.

भावाला सांभाळून घे.
आप्पासाहेब

भिंगार,
ता. २३ जानेवारी १९७१

ती. आप्पादादांस मुक्ताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारला. दादा, त्याच खेपेला डॉक्टरांकडून थोडी अक्कलही बसवून घ्यायची होती! पाय मोडला ही काय चोरी आहे?

आजच्या आज श्रीमंतरावांना खरं लिहा. सोयरीक मोडायची असेल तर आत्ता मोडेल. लग्नानंतर कळलं तर आपल्या रतनला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. हे म्हणतात, मीच सुप्याला जाऊन यावं. पण ते पत्र बापाच्याच हातचं हवं. आणि मान राखायला म्हणून खाली बसायचा हट्ट करू नका. गोळा निसटला तर मी बघायला येणार नाही, भांडायला येईन.

बोलले ते मायेपोटी, राग धरू नये.
तुमची मुक्ता

कोल्हार,
ता. ९ फेब्रुवारी १९७१

चि. सौ. मुक्ताबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी बोलणी खाऊन त्याच दिवशी सुप्याला सगळं लिहिलं. दहा दिवस उत्तर नाही. पोस्टमन दिसला की रतन आत जायची.

काल श्रीमंतराव एकटेच आले. मी काठी टेकून उठलो, तर त्यांनीच खांदे धरून मला बसवलं आणि पलंगावर शेजारी टेकले. मग म्हणाले, की चूक त्यांचीबी हाय. तू नि मी त्यांचं घर बघायला गेलो तेव्हा विहीणबाई चुलीपुढून उठल्या नाहीत, आठवतं? कामात असतील, असं आपल्याला वाटलं. चार वर्षांपूर्वी पडल्यापासून त्या भिंत धरून चालतात. आपण नको म्हणू, म्हणून त्यांनीही लपवलं! आम्ही दोघं असे हसलो, की रतन बाहेर आली. साखरपुडा येत्या वीस तारखेला ठरला. विहीणबाईंना पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला मीही बरोबर जाणार आहे. तू आणि जावईबापू दोन दिवस आधी या.

संध्याकाळी रतन जवळ येऊन बसली. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी उभं राहताना कुठला पाय आधी टाकला, धरणाराने कुठल्या बाजूला राहायचं, किती दुखलं, सगळं विचारून घेतलं. मी उठून तिला दाखवलं. आपली पोर आता सासूसाठी शिकते आहे, हे ध्यानात आलं आणि मला रडूच आलं बघ. दुखतंय का, म्हणून तिने विचारलं. मी हो म्हणालो.

तुझाच,
आप्पादादा