भोंग्याचा पुरवठा

सोमवार, ३ मार्च
पाच यंत्रं गेली! पाच घरांत, पाच पेशंटच्या उशाशी. श्वासाची नळी निसटली की भोंगा वाजवून घरच्यांना बोलवायचं, हे त्यांचं मोठं काम. सगळं सुरळीत झालं तर पुढच्या सोमवारी टीमचं प्रमुखपद मला – साहेब स्वतः म्हणाले. नवरा म्हणतो, "बाजारात तुरी..." पण खूश दिसला.

बुधवार, ५ मार्च
नणंदेचा फोन. "वहिनी, तू नक्की करतेस काय?"
सांगितलं. बॅटरीची वीज आठ पुरवठ्यांत वाटणारी एक चिप असते. कर्नल म्हणजे सगळं यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, पण कुठला पुरवठा कुठे जातो हे त्याला ठाऊक नसतं. ते मी लिहून देते – किती व्होल्ट, कोणासाठी, कोणता कधीच बंद करायचा नाही. लिहिलेलं तेवढंच तो खरं मानतो. ज्या पुरवठ्याला धनी, म्हणजे तो वापरणारा भाग, लिहिलेला नाही, तो अर्ध्या मिनिटात बंद करून टाकतो.
"म्हणजे माझ्या भावापेक्षा आज्ञाधारक," म्हणाली.

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी दुसरंच काही शोधायला डागकाकांचा नकाशा उघडला. (यंत्रातल्या सर्किट-बोर्डांचे नकाशे तेच काढतात. दिवसभर सोल्डरिंगचे डाग देत बसतात म्हणून हे नाव.) जुन्या बोर्डात भोंगा तिसऱ्या पुरवठ्यावर होता. नव्यात सहाव्यावर नेलाय. बदलांच्या यादीत काकांनी स्वच्छ लिहिलंय. मी यादी वाचलीच नाही, जुनं वर्णन जसंच्या तसं उतरवलं. सहाव्याला धनीच नाही!
मग चाचणीत कसा वाजला? कारण आम्ही सगळे यंत्र सुरू केल्या केल्या बटण दाबतो. अर्धं मिनिट थांबतो कोण?
ऑफिसातलं यंत्र लावून एक मिनिट थांबले. नळी काढली. स्क्रीन लाल झाला. आवाज नाही.
कोणाला बोलले नाही. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोमवारी सांग. दुरुस्ती हातात घेऊन गेलीस तर बोलणी कमी बसतील." मला हेच ऐकायचं होतं.

शनिवार, ८ मार्च
दोन ओळींचं काम. सहाव्याला धनी लिहिला, 'कायम चालू' लिहिलं. अकराच्या आत झालं. दहा वेळा तपासलं, दहाही वेळा वाजला.
पाचही घरांचे नंबर माझ्याकडे आहेत. फोन हातात घेऊन बसले. सुट्टीच्या दिवशी लोकांना कशाला घाबरवायचं? – कारणं मला पटापट सुचतात. भित्री आहे मी. निदान इथे तरी लिहावं.

रविवार, ९ मार्च
आजही फोन केला नाही.

सोमवार, १० मार्च
सांगितलं. साहेब पांढरे पडले. मग एकच विचारलं, "कधी कळलं?"
"आज सकाळी," मी म्हटलं.
डागकाका शेजारीच उभे होते. माझ्याकडे बघत राहिले.
पाचही घरी मीच फोन लावले. चौघांनी उचलला. पाचव्या घरी दहा वेळा लावला. प्रमुखपदाचा विषय कोणी काढला नाही.

मंगळवार, ११ मार्च
चार यंत्रं परत आली. चारही पेशंट ठीक. पाचव्या घराला कुलूप.

गुरुवार, १३ मार्च
पाचवं यंत्र आलं. मुलगा स्वतः घेऊन आला. आई शनिवारी गेली. तो स्वयंपाकघरात होता, दहा पावलांवर. "काही आवाजच आला नाही हो."
यंत्राची नोंद वाचली. शनिवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं – नळी निसटली. भोंगा चालू. अकरा मिनिटं चालू. म्हणजे आज्ञा गेली होती, वीजच नव्हती.
निघताना त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "ताई, तुमचे दहा मिस्ड कॉल बघितले. साहेब म्हणाले, दोष तुम्हाला सोमवारी सकाळीच कळला. कळल्या कळल्या इतकी धडपड कोण करतं?"