मायचं डोरलं

बजाजनगर,
१४ मे २०१९

दादा,

नमस्कार. रीत आहे म्हणून लिहिलाय, मनातून नाही. वहिनी आणि शालू बऱ्या असतील. टँकर रोज येतो का अजून एक दिवसाआडच? आबा मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलेत, तिकडं थोडा चारा आहे, असं जीपवाला सांडू सांगत होता. इथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि समोर सात मजली इमारतीचं काम जोरात. फोनवर मायचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून हा कागद सांडूच्या जीपमधून कन्नडला पाठवतेय. पुरता वाच.

मायला माझ्याकडं आणून तीन आठवडे झाले. आणायला आले तेव्हा तिचं अंथरूण मेंढरांच्या वाड्याला लागून होतं. का, तर तिला लघवी आवरत नाही, घरात वास येतो. लाज कशी वाटली नाही तुम्हाला? ऐंशी मेंढरांतलं प्रत्येक तोंडावरून ओळखणारी बाई ती. तिला नातवंडांची नावं आठवेनात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडायला लागले, आणि तुम्ही म्हणत राहिलात, "म्हातारपण हाय, चालायचंच." बासष्ट म्हणजे म्हातारपण? तुझा सासरा ऐंशीचा आहे, अजून मोटरसायकलवर मागं बसून बाजाराला जातो.

गेल्या शुक्रवारी मी तिचा एमआरआय केला. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढं धरून मला दाखवली. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या जागा सगळ्यांनाच असतात. मायच्या फुगल्यात आणि मेंदूला दाबताहेत. चालणं, लघवी, विसर, सगळं त्यातूनच. वर्षभर गावाला प्यायला पाणी नाही आणि हिच्या डोक्यात साठून राहिलंय, बघ. त्याला ऑपरेशन आहे. बारीक नळी घालून ते पाणी पोटात सोडतात. डॉक्टरांनी विचारलं, "आधी का नाही आणलंत?"

आणलं होतं की! दसरा झाल्यावर क्रांती चौकाजवळच्या सेंटरमध्ये आपणच आणलं होतं. यंत्र चुंबकाचं, अंगावर धातू चालत नाही, डोरलं आणि जोडवी काढा, एवढंच तिथला माणूस म्हणाला. तू सेंटर डोक्यावर घेतलंस. "आमचा बाप जित्ता हाय! सवाष्णीच्या गळ्यातलं कोण काढतंय, बघतोच!" आणि मायला उठवून घेऊन गेलास. सात महिने गेले, दादा.

या वेळी काय झालं, ऐक. तिथं आशाबाई नावाच्या मावशी आहेत. त्यांनी खिशातून दोरा काढला, हळकुंड बांधून मायच्या गळ्यात घातलं, आणि मगच डोरलं उतरवलं. म्हणाल्या, "रोज धा बाया येत्यात, ताई. लई झालं तर एक मिनिट लागतं." एक मिनिट! आपल्या आजीनं तर पहिली पाच वर्षं हळकुंडावरच संसार केला. सवाष्ण नव्हती का ती? घरातलीच गोष्ट, पण त्या दिवशी आपल्यापैकी कुणाला सुचली नाही.

काल डॉक्टरांनी पाठीत सुई घालून थोडं पाणी काढून पाहिलं. काही तासांनी माय उठली आणि कुणाला न धरता खिडकीपर्यंत गेली. पाऊल उचलून टाकत होती. मला रडू आवरेना. तेवढ्यात ती वळली आणि म्हणाली, "तवा मी काढीत व्हते गं. आकडा सोडला बी व्हता. तू माझा हात का धरला?"

दादा, ओरडलास तू. पण तू ओरडत होतास तेव्हा मायनं आपणहून मानेमागं हात नेला होता. तो मी धरला. तुला दिसलं नाही. आणि मी काही देवाधर्माला भिऊन धरला नाही. कंपनीत कायम व्हायला मला दोन महिने उरले होते, एक खाडा झाला असता तरी नाव कटलं असतं. तपासणीत काही निघालं असतं तर इलाज शहरात, म्हणजे माय माझ्या दोन खोल्यांत. तू हट्टाला पेटलास आणि माझं आयतंच फावलं. नंतर सात महिने मी येईल त्याच्याजवळ तुझ्या नावानं बोटं मोडली.

डॉक्टर म्हणतात, चालणं बरंचसं सुधारेल. विसरलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, उशीर झालाय.

ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. कागदांवर मी सही केली, तुला विचारलं नाही. आबांना निरोप दे आणि त्यांना घेऊन रविवारीच ये. वाड्यालगतच्या अंथरुणाबद्दल मी तुला सोडणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

मायला अजून उत्तर दिलेलं नाही. "तुला तसं वाटलं असंल," म्हणून वेळ मारून नेता आली असती. तिच्या विसराळूपणावर ढकलायचं, बस्स. दोनदा तोंडापर्यंत आलं. पण तिला जे आठवलंय ते खरं आहे, आणि तेवढं तरी तिचं तिच्याजवळ राहू दे. रविवारी तुझ्या आणि आबांच्या समोर सांगणार आहे.

तुझ्याहून जास्त दोषी असलेली तुझी बहीण,
रत्नमाला