दुसऱ्या मनोऱ्याच्या विटा

१२ ऑक्टोबर १८८९

त्या सकाळी मी कोबी चिरत होते. त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. चुलीतली राख काढून झाली होती, पाणी भरलं होतं, कोबी आंबवायच्या पिंपात मिठाचा पहिला थर पसरला होता. तेवढ्यात दारात घोडागाडी थांबली. वॉर्साहून सरकारमान्य वास्तुकार झेलेव्स्कीसाहेब आले होते. घरात टेबल एकच. मी कोबी एका बाजूला सारला, दुसऱ्या बाजूला माझ्या नवऱ्याने, कायेतानने, चर्चचे नकाशे उलगडले. साहेबांनी ते नीट पाहिलेसुद्धा नाहीत. शाई मीच दिली. कायेतान बोट ठेवत गेला, ते सही करत गेले.

झारने सायबेरियात धाडलेल्या माणसाला सुटून आल्यावरही नकाशावर सही करायची मनाई. म्हणून चर्च कायेतानचं आणि नाव झेलेव्स्कींचं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. चर्च उभं राहणार होतं ना! साहेब गेल्यावर मी उरलेला कोबी चिरला. कायेतान म्हणाला, यंदा शहाजिरं जास्त घाल. बाकी काही नाही.

आज हे आठवलं कारण शेजारची सालोमेआ पाव द्यायला आली आणि सांगून गेली — चर्चच्या दाराशी संगमरवरी पाटी बसवणार आहेत. सेंट मार्टिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला. पाटीवर नाव झेलेव्स्कींचं. साहेब स्वतः येणार आहेत म्हणे.

१३ ऑक्टोबर

सूप पुन्हा जास्त झालं. कायेतानला जाऊन सात महिने झाले, तरी एका माणसाचं सूप करायला हात शिकत नाही.

१५ ऑक्टोबर

फादर आन्झेल्मकडे जाऊन आले. त्यांना सगळं ठाऊक आहे, बारा वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, खिडकी लावून घेतली. मग हळू आवाजात समजावत राहिले. त्या सहीवर चर्चची परवानगी मिळाली. अजून व्हायच्या दुसऱ्या मनोऱ्याची परवानगीही आता त्याच सहीवर मिळाली आहे. धागा ओढला तर सगळंच उसवेल, पाटी राहू द्या, असं म्हणाले.

"तेक्लाबाई, कोणी बांधलं ते देवाला माहीत आहे."

"देवाला माहीत आहे, मग दगडावर खोटं कशाला, फादर?"

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. वाईट माणूस नाही. घाबरतो.

१७ ऑक्टोबर

सालोमेआ मनाची बरी आहे, पण जिभेला हाड नाही. आज पावाच्या भट्टीसमोर चार बायकांत मला म्हणाली, "तुझा नवरा बांधकामावर विटा मोजायचा ना गं? मग तुला कशाला एवढं लागतंय? कारकुनांच्या पाट्या लावायला लागले तर भिंती पुरायच्या नाहीत!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पाव घेऊन घरी आले आणि कोट न काढताच बसून राहिले.

तिची चूक नाही. गावाने त्याला वही घेऊन उन्हात उभाच पाहिलेला. वहीत काय आहे ते कुणी पाहिलं?

२० ऑक्टोबर

आज कायेतानची पेटी उघडली. सगळ्यांत खाली दुसऱ्या मनोऱ्याचे तक्ते आहेत, सहा मोठे कागद. मनोऱ्याला वळणाच्या, टोकाच्या, खाचेच्या विटा लागतात. त्यातली एकेक वीट कायेतानने प्रत्यक्षाएवढी काढलेली आहे. प्रत्येकीत बारीक अक्षरात नाव लिहिलंय — कमानीची डावी, कमानीची उजवी, काठाची. खाली तारीख. सरकारी नकाशावरच्या झेलेव्स्कींच्या शिक्क्याच्या दोन वर्षं आधीची.

मी वाचायला शिकले ती असल्या कागदांवरच. वीटभट्टीवाल्याची मुलगी मी, शाळा कसली. तो रेघा ओढत असायचा आणि मी पाठीमागून विचारायची, हे काय लिहिलंस? पहिला वाचलेला शब्द 'पाया'. मग 'खिडकी'. मग त्याची पुस्तकं घेतली, ती आता तिसऱ्यांदा वाचते आहे. वाचून मान वर केली की सांगायला कोणी नाही. पुस्तकाचं सगळ्यांत वाईट तेच.

ठरवलं. अकरा तारखेला झेलेव्स्की येतील, तेव्हा सगळ्यांदेखत हे सहा कागद चर्चच्या बांधकाम मंडळाच्या टेबलावर ठेवायचे. फादर काय म्हणायचं ते म्हणोत. कायेतानचं अक्षर ओळखणारी माणसं अजून जिवंत आहेत.

२३ ऑक्टोबर

बानाश आला होता. गवंड्यांचा मुकादम. पहिला मनोरा त्यानेच चढवला. टोपी हातात घेऊन दारातच उभा. कोटातून एक भाजलेली वीट काढली आणि टेबलावर ठेवली.

"बघा बाई, काय आणलंय. सरकारी नकाशावरून केली. गोल म्हणायची की चौकोनी, तिचं तिलाच ठरेना."

मग त्याला बसवून सगळं विचारून घेतलं. कायेतान हाताच्या मापात काढायचा, कारण गवंडी हातातच मोजतात. सरकारला रशियन गज लागतो. वॉर्साच्या कचेरीत कुणा कारकुनाने हाताचे गज केले आणि तिथे घोळ झाला. पहिल्या मनोऱ्याच्या वेळीही झाला होता! पण तेव्हा सरकारी नकाशा कुणी उघडलाच नव्हता. तो खोक्यात, आणि काम कायेतानच्या कागदांवर. आता कायेतान नाही. पहिल्या मनोऱ्याचे साचे दुसऱ्याला चालत नाहीत, हा बुटका आणि वळणं वेगळी. आणि लाकडी साचे हिवाळ्यातच झाले पाहिजेत, नाहीतर वसंतात वीटभट्टीत घालायला काही नसेल. परवानगीची मुदत पुढच्या शरदापर्यंत. ती संपली की रशियन पुन्हा देतील?

"मालकांचे तक्ते असतील ना तुमच्याकडे?"

तो कशाबद्दल विचारतोय ते मला कळलं होतं. साच्यासाठी तक्ता फळीला चिकटवतात. त्याआधी कात्रीने रेघेवर कापतात. पहिल्या मनोऱ्याचे सगळे तसेच गेले. मी म्हटलं, त्यावरून दुसरे काढून घे.

"माझा हात तसा नाही, बाई. केसभर सरकलं तर चाळीस थरांवर वीतभर वाकडं होतं. मनोरा मला माफ करायचा नाही, आणि मालक तर त्याहून नाही."

विचार करते म्हणाले. वीट टेबलावरच ठेवून गेला.

२४ ऑक्टोबर

दिवसभर कुणाशी एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी घसा खाकरून पाहिला, आवाज आहे की नाही ते.

२६ ऑक्टोबर

कागद दिले तर मनोरा सरळ उभा राहील आणि पाटी झेलेव्स्कींची राहील, कायमची. मग दाखवायला माझ्याकडे काय? कागदाचे तुकडे चिकटवलेल्या फळ्या! नाही दिले तर कायेतानचं नाव लागेल कदाचित — अर्ध्या चर्चवर.

तो असता तर त्याला काय हवं असतं, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच राग येतो. तो नेहमी तसाच. सही दुसऱ्याची, पाटी दुसऱ्याची, आणि स्वतः शिट्टी वाजवत घरी. मला एकदा तरी विचारलं का? त्याच्या नावाची बायको मी होते. त्याचं नाव पुसलं तर मी कुणाची विधवा?

२८ ऑक्टोबर

दोन तारखेच्या मृतांच्या दिवसासाठी चिठ्ठी देऊन आले. दरवर्षी त्याच्या आईवडलांची आणि माझ्या माणसांची नावं लिहायचो, फादर ती वेदीवरून वाचायचे. यंदा त्याचंही लिहिलं. 'कायेतान वोल्बूर, या चर्चचा वास्तुकार.' फादरांनी चिठ्ठी माझ्यासमोरच वाचली आणि म्हणाले, मी फक्त नावं वाचतो, बाई. सगळ्यांचीच नुसती नावं.

१ नोव्हेंबर

कायेतानच्या थडग्यावर दिवे लावले. वाऱ्याने तीनदा विझले. लाकडी क्रूस एका बाजूला कलला आहे, तो दाबून सरळ केला. त्याला चालला नसता. सगळं कब्रस्तान माणसांनी भरलेलं, घराघरांचे घोळके. मी एकटीच असल्यामुळे लवकर आटोपलं.

२ नोव्हेंबर

नीट लिहून ठेवायला हवं.

फादर चिठ्ठ्या वाचत होते. नेहमीसारखे भरभर, एका सुरात. माझी लवकर आली. सासूसासरे, माझे आईवडील, कायेतान वोल्बूर. मी क्रूसाची खूण केली. झालं, एवढंच, असं वाटलं.

मग बानाशांच्या घरची चिठ्ठी. त्याचा बाप, आई, पटकीने गेलेल्या दोन मुली. आणि कायेतान वोल्बूर. मला वाटलं, फादरांनी चुकून माझीच चिठ्ठी पुन्हा उचलली.

मग वीटभट्टीवाल्यांची. शेवटी कायेतान वोल्बूर. मग सुताराची. मग चुना कालवणाऱ्या म्हातारीची, जिचं अजून कोणी मेलंच नाही असं मी समजत होते — तिच्या चिठ्ठीवर दोनच नावं, नवऱ्याचं आणि त्याचं. दोरवाले. छपरावरून पडून पाय गेलेला तो लंगडा. फादरांचा आवाज हळूहळू मंद होत गेला. प्रत्येक वेळी ते नाव येण्याआधी किंचित थांबायला लागले, आणि मग स्पष्ट उच्चारायचे. मी अकरापर्यंत मोजलं, पुढे मोजवलं नाही.

सालोमेआ माझ्याकडे बघत होती. मी समोर बघत राहिले. तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला, पिठाचा वास येणारा.

बाहेर बानाश उभा होता. त्याने टोपी काढली. कागदांचं विचारलं नाही.

३ नोव्हेंबर

रविवार. जेवण झाल्यावर सहाही तक्ते घेऊन बानाशच्या घरी गेले. त्याची बायको म्हणाली, रविवारी कात्री धरत नाहीत. बानाशच्याने तर ती उचलवेचना. मीच कापले.