सरकीची मूठ

शुक्र., १२ सप्टेंबर १९३०
सकाळी पाटलाचं रान पाहिलं आणि जेवणावरची वासनाच उडाली. आमच्या शेतकी खात्याच्या नव्या कापसाचं फूल पांढरं, गावठीचं पिवळं. पांढऱ्यात जागोजाग पिवळं. उन्हाळाभर घसा कोरडा करून सांगितलं होतं, खात्याची सरकी निव्वळ पेरा, रान शुद्ध निघालं तर एकरी सरकारी मदत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता पुढल्या शुक्रवारी साहेब येणार. तोवर कुणाचं रान शुद्ध, कुणाचं नाही, ते मी लिहून ठेवायचं.

शनि., १३
आणखी रानं पाहिली. तीच गत. खात्याचं बी परस्पर विकलं की काय? पाटलाला तोंडावर विचारलं, तो भडकला. पाटलीणबाईच दारातून बोलल्या, "पेरनीच्या आदल्या दिशी घरोघरची मूठमूठ सरकी येती की. ती बियात पडल्याबिगर पेरनी कशी व्हईल?"
मला आधी का नाही सांगितलं?
"तुमी इचारलंच कुटं?"
कपाळावर हात मारला. शेतकी शाळेत शिकलो, इथे नापास. रागवायचं तरी कुणावर, प्रत्येकीने दुसरीचं भलं चिंतूनच मूठ दिलेली.

सोम., १५
एक रान शुद्ध! ओढ्यापलीकडचं, विधवा सोनाबाईचं. तिच्या मुलाने, नामदेवाने, परजातीची मुलगी केली, म्हणून गावाने वाळीत टाकलेलं घर. रानात एक पिवळं फूल नाही. हरखून ओरडलो, "सोनाबाई, जिंकलात!" तिने बाकीच्यांचं विचारलं. सांगितलं. ती बांधावर बसली.
"आमाला मूठ कुनी दिलीच न्हाय, दादा. सूप घिऊन सांजपतोर दारात बसले हुते."
जीभ झडली असती तर बरं.

मंगळ., १६
गावभर झालं. चावडीवर पाटील: "तिनंच चुगली केली. न्हायतर सरकारचा पैसा तिच्याच घरात कसा?" म्हटलं, फुलं काय तिने रंगवली? पालथ्या घड्यावर पाणी. दुपारी तिची सून ओढ्यावर गेली, तर बायकांनी भरलेली घागर पालथी केली. आजवर पाणी तरी भरू देत होते. सून पोटुशी. संताप येतो. माझ्या एका आरोळीचं हे फळ.

बुध., १७
सोनाबाई दारात. आत येईना.
"माज्या रानातबी मिसळ हाय, आसं लिवा."
म्हटलं, मदत जाईल. बैल मेलाय तुमचा, नामदेव दुसरा कुठून आणील?
"बैलाचं बगू. सुनंचे दिवस भरत आल्यात. सुईन तर याया पायजे का नगं?"
पण खोटं कसं लिहू?
"खोटं कसलं? तेंनी मूठ दिली आसती, तर आज माज्याबी रानात पिवळी फुलं आसती की."
ती गेल्यावर वही मिटून ठेवली.

गुरु., १८
सगळी नावं लिहून झाली. तिच्यापुढे कोरं. शुद्ध लिहावं तर सुईण नाही, मिसळ लिहावी तर बैल नाही. आणि मिसळ लिहिली म्हणून गाव सुईण धाडेलच, असंही कोण सांगणार?
दिवेलागणीला पाटलीणबाई मागल्या दाराने आल्या. पदराची गाठ सोडली, मूठभर सरकी माझ्यापुढे ठेवली.
"आता पेरायची न्हाय, ठावं हाय मला. पर तिच्या सुपात पडू द्या."
तुम्हीच द्या की, म्हटलं.
"आमचं घर कसं हाय ते बगताय न्हवं? माजं नाव मातर सांगू नगा."
गेल्या. मला वाईटही वाटलं आणि बरंही.
बिननावाची मूठ सोनाबाई घेईल? की आधी विचारील, कुणाच्या घरची?
सरकी ताटलीत काढून ठेवली आहे. सकाळी साहेबाला आणायला केम स्टेशनावर जायचं. त्याआधी ओढ्यापलीकडे जाऊन यावं, म्हणजे मग कदाचित तिच्यापुढे काय ते लिहिता येईल.