सहाव्या गाण्याची मोकळी जागा

प्रिय चिमे,

आपला दुसरा अल्बम होत आला. सगळी गाणी झाली, सहाव्याचं तेवढं घोडं अडलंय. ‘आपला’ असं मुद्दाम लिहिलंय. पहिल्यात तू गायलीस, यात मी गातेय, पण बँड तोच आणि खोलीही तीच, गाद्यांच्या दुकानावरची. दुकानदाराने नको असलेल्या गाद्या दिल्या, त्या आम्ही भिंतींना टेकवून ठेवल्यात. बाहेरचा आवाज येत नाही आणि एक गादी खाली पसरलीय, त्यामुळे आपल्या गिटारवाल्या मास्तरला दुपारी आडवं व्हायची सोय झाली. शाळेतून थेट येतो, गिटारवर खडूचे ठसे तसेच.

माझ्या गाण्याबद्दल विचारू नकोस. जन्मभर की-बोर्डमागे दडलेल्या बाईला या वयात माइकसमोर उभं केलं, तर हात कुठे ठेवायचे इथपासून सुरुवात. आपलं ड्रीम पॉप म्हणजे सगळं धुक्यात बुडवायचं, म्हणून निभावलं. बाबांना ऐकवलं. म्हणाले, पहिल्या अल्बमात शब्द कळत नव्हते, आता बाईच दिसेनाशी झालीय. आईने मात्र दोनदा लावायला सांगितलं. मग तुझा विषय निघाला. ती तुला फोन करते, तू उचलत नाहीस आणि लगेच टाइप करतेस, ‘काय गं?’ आईला चष्मा शोधावा लागतो. तुझा नवरा म्हणाला की घरातही तू मान हलवूनच भागवतेस. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज परत येईल असं डॉक्टर म्हणाले होते आणि तो आलाही. तुला हवा होता तो आला नाही, एवढंच.

तर सहावं गाणं. मास्तरने त्याच्या शेवटी लांबलचक मोकळी जागा ठेवलीय. तिथे चाल नको, नुसता माणसाचा आवाज हवा. मी आ करून पाहिलं, ऊ करून पाहिलं. साउंडवाला बिचारा सभ्य आहे. आधी ‘छान, पण अजून एकदा’ म्हणायचा, नंतर नुसतंच ‘अजून एकदा’. शेवटी कच्चं रेकॉर्डिंग ऐकावं म्हणून मी फोन मिक्सरला जोडला. शोधताना बोट भलतीकडे पडलं आणि तुझा मेसेज लागला. ऑपरेशननंतर तू बोलून पाठवलेला तो एकच. मी तो पुसला नव्हता.

“ताई, आईच्या खोलीच्या पडद्यांचं माप पाठव. घाई नाही.”

माइकचा आवाज लांबवायला, घुमवायला जे यंत्र लावलं होतं, त्यातूनच हे बाहेर पडलं. बसका, खरबरीत आवाज, कडेला थोडी हवा मिसळलेला. ‘घाई नाही’ बराच वेळ खोलीत फिरत राहिलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. मास्तर उठून बसला आणि म्हणाला, हाच आवाज, कोण आहे ही बाई? त्याने तुला ओळखलं नाही, चिमे. हे तुला सांगावं की नाही याचा मी खूप विचार केला. तू आहेस म्हटल्यावर तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, पहिल्यासारखा नाही, पण मला हाच हवाय.

तुला विचारल्याशिवाय ठेवायचं नाही, असं मी दोघांना बजावलंय. तू नको म्हणालीस तर तो तुकडा पुसू आणि ती जागा रिकामी ठेवू. मी तिथे पुन्हा गाणार नाही आणि रुसणारही नाही. फक्त उत्तर टाइप करून पाठवू नकोस. फोन कर. नाही म्हणायचं असलं तरी तोंडाने म्हण. अल्बम काय, होईल. वर्ष होत आलं, मी त्या पडद्यांच्या मापावर भागवतेय.

तुझीच,
ताई